तोंडावर फडकं, हात मात्र उघडा

पोलिसांनी टोळी पकडली की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ठरलेला फोटो येतो. मागे अधिकारी-कर्मचारी रांगेत उभे, पुढे आरोपी उकिडवे बसलेले, त्यांच्या तोंडावर काळं फडकं. सोलापुरात चहाच्या गाड्यावर या फोटोवर एक शेरा हमखास ऐकू येतो : "चोराची एवढी इज्जत कशाला राखायची?" इज्जतीचा इथं काही संबंध नाही. चेहरा झाकतात तो ओळख परेडसाठी, म्हणजे साक्षीदाराने माणसांच्या रांगेतून आरोपी ओळखून दाखवायचा, त्यासाठी. साक्षीदाराने आरोपीला आधीच पेपरात पाहिलं असेल, तर पुढे रांगेतून त्याला ओळखलं याला कोर्टात फारशी किंमत उरत नाही. त्याने चोर ओळखला की फोटो, हे कोण सांगणार?

आता तोच फोटो जरा नीट बघा. तोंड झाकलंय, पण शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या आहेत आणि मनगटाच्या वर गोंदलेला विंचू लख्ख दिसतोय. स्मृतीचं शास्त्र थोडंफार वाचलेल्याला इथं कपाळावर हात मारावासा वाटतो.

पेहराव आणि गोंदणाचा खटल्यावर परिणाम होतो म्हटलं की अमेरिकेतले ज्युरी, म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, आठवतात. आरोपीला तुरुंगाच्या कपड्यांत ज्युरीसमोर उभं राहायची सक्ती करता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवलं. फ्लोरिडात तर एका आरोपीच्या अंगावरची नाझी चिन्हं झाकायला न्यायाधीशांनी सरकारी खर्चाने मेकअप करायला लावला. आपल्याकडे ज्युरी केव्हाच गेले, आणि कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात; तुरुंगाचा गणवेश शिक्षा झाल्यावर. न्यायाधीशही माणूसच, त्यांच्यावर काही परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडे गोंदणाचा खरा घोळ कोर्टात पोचण्याच्या कितीतरी आधी, साक्षीदाराच्या डोक्यात होतो. मला त्याबद्दलच लिहायचंय.

समजा, सात रस्त्याजवळ रात्री एका बाईंची साखळी हिसकावली. त्या सांगतात : पंचविशीचा, सडपातळ, उजव्या हातावर विंचू. चार दिवसांनी पोलीस असाच एक विंचूवाला तरुण उचलतात. तुरुंगात नायब तहसीलदार, म्हणजे कार्यकारी दंडाधिकारी, पंचांसमोर परेड घेतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमपुस्तिकेप्रमाणे एका आरोपीसोबत साधारण त्याच वयाचे, त्याच अंगकाठीचे निदान सहा डमी, म्हणजे गुन्ह्याशी संबंध नसलेले लोक, हवेत. एकूण सात. बाईंना काहीच आठवत नसेल आणि त्यांनी डोळे मिटून बोट दाखवलं, तरी आरोपीवर ते पडायची शक्यता सातात एक, म्हणजे सुमारे १४ टक्के. सहा डमींचा उपयोग तो हाच. पण विंचू एकाच्याच हातावर असेल, तर कागदावर सात जण असले तरी रांगेत खरं तर एकटाच उभा आहे.

हे तपासायची युक्ती १९७३ साली कॅनडात दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिली. ज्यांनी गुन्हा पाहिलेलाच नाही अशा लोकांना फक्त वर्णन सांगायचं आणि रांगेचा फोटो दाखवून 'यातला कोण?' म्हणून विचारायचं. त्यांच्या प्रकरणात रांगेत बारा जण होते आणि साक्षीदाराचं वर्णन काय, तर माणूस 'दिसायला बरा' होता. तेवढ्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी आरोपीवरच बोट ठेवलं! बाराला एक या हिशेबाने आठ टक्क्यांनी ठेवायला हवं होतं.

खरी गंमत पुढे आहे. विंचू चोराच्या हातावर होता. पकडलेला तरुण चोर असो वा नसो, विंचू त्याच्याही हातावर असणारच, कारण त्या विंचवापायीच तर त्याला उचलला. म्हणजे दोषी माणूस पकडला असेल तर विंचू असण्याची शक्यता १, निर्दोष पकडला असेल तरीही १. पहिलीला दुसरीने भागायचं, तेवढं त्या खुणेचं पुरावा म्हणून वजन. इथं भागाकार १. कुठल्याही अंदाजाला एकने गुणलं तर तो होता तिथंच राहतो. जबड्याचं तसं नाही. चोरासारखाच जबडा निर्दोष माणसाला असण्याची शक्यता दहात एक धरली, तर तो भागाकार दहा येतो. माहिती जबड्यात आहे, विंचवातली पकडतानाच वापरून झाली. परेडमध्ये तो पुन्हा मोजणं म्हणजे एकच पावती दोनदा वटवणं.

पण आपली स्मृती असा भागाकार करत नाही, ती बेरीज करते. डोळे, नाक, जबडा, विंचू, प्रत्येकाकडून 'ओळखीचं वाटतंय' असा इशारा येतो आणि सगळे मिळून एकच भावना होते. ठळक खुणेचा इशारा इतका जोरात असतो की जबड्याचा ऐकूच येत नाही. सातही हातांवर विंचू असेल, तर तो सगळ्यांच्या बेरजेत सारखाच मिळतो आणि तुलना करताना सारखाच वजा होतो. उरतात चेहरे. साक्षीदाराला मग नाइलाजाने चेहराच बघावा लागतो.

२०१६ साली सुमारे नऊ हजार लोकांवर हे तपासणारा प्रयोग झाला. खूण एकट्यालाच ठेवली, तेव्हा दोषी आणि निर्दोष यांतला फरक ओळखण्याची लोकांची कुवत घटली. सगळ्यांवर तीच खूण रंगवली किंवा सगळ्यांची तेवढी जागा झाकली, की ती सुधारली. त्याआधीच्या २००९च्या अभ्यासात झाकण्यापेक्षा सगळ्यांवर रंगवणं सरस ठरलं होतं, नव्यात दोन्ही जवळपास सारखेच निघाले. एकालाच वेगळा ठेवू नका, एवढं मात्र पक्कं.

शिवाय तो विंचू तरी किती दुर्मिळ? संक्रांतीला सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर गोंदणाऱ्यापुढे नमुन्यांचा पुठ्ठा असतो : ॐ, त्रिशूळ, बाण घुसलेला बदाम, विंचू, 'आई'. पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं, हात पुढे करायचा, मशीन घुंऽऽ करत फिरते, निळी-काळी शाई पुसायला सगळ्यांना मिळून एक फडकं. (त्या सुईबद्दल आणि काविळीबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल.) एकाच पुठ्ठ्यावरचा विंचू शहरात किती हातांवर फिरत असेल!

काहींचं म्हणणं, एवढ्या भानगडी कशाला, चोर तोंडावरूनच कळतो. सामुद्रिकवाले हे पूर्वीपासून सांगतात. इटलीच्या लोम्ब्रोसो या डॉक्टरने १८७६ साली त्याला शास्त्राचा सदरा चढवला आणि गोंदण हे जन्मजात गुन्हेगारीचं लक्षण ठरवलं. १९१३ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगाच्या डॉक्टरने हजारो कैद्यांची मापं घेऊन ते मोडीत काढलं. लोम्ब्रोसोच्याही आधी इथं इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. त्यांना तारेच्या कुंपणात डांबलं ती सेटलमेंट सोलापुरातच होती, त्या भागाचं नाव अजून तेच आहे. आता तोच माल संगणकाच्या वेष्टनात आलाय. २०१६ साली चीनमधल्या दोघांनी दावा केला की त्यांचा प्रोग्राम फोटोवरून सुमारे ९० टक्के अचूक गुन्हेगार ओळखतो. टीकाकारांनी छापलेले नमुने पाहिले, तर 'सभ्य' लोकांच्या गळ्याशी पांढरी कॉलर होती, गुन्हेगारांच्या नव्हती. यंत्राने शर्ट ओळखला असणार.

आपल्या कायद्यात परेड हा स्वतंत्र पुरावा नाही, साक्षीदाराने कोर्टात केलेल्या ओळखीला तो आधार देतो. पण आधारच कच्चा असेल तर काय? उपाय महागडा नाही. सातही जणांना पूर्ण बाह्यांचे शर्ट, किंवा मनगटावर त्याच जागी चिकटपट्टी. चिकटपट्टी एकालाच लावली तर मात्र पुन्हा तीच गत. सगळ्यांच्या हातावर विंचू रंगवायचाच असेल तर स्केचपेन चालेल. रस्त्यावरून आणलेले डमी त्याला तयार होतील का, हा भाग वेगळा. मान किंवा गाल गोंदलेला असेल तर पंचाईत जास्त, तिथं सातही जणांना मफलर गुंडाळावा लागेल. काय केलं ते परेडच्या पंचनाम्यात लिहून ठेवलेलं बरं. नाहीतर उलटतपासणीत बचावाचा वकील नायब तहसीलदारांना पहिला प्रश्न हाच विचारेल : बाकीच्या सहा जणांच्या हातावर काय होतं?