परसबागेच्या ॲपची पार्श्वभूमी : प्रयोग परिवारापासून मोबाईलपर्यंत

आम्ही काही जण मिळून सध्या घरच्या घरी भाजी पिकवणाऱ्यांसाठी एक मराठी ॲप बनवतोय, म्हणजे गच्चीवर, बाल्कनीत, चाळीच्या गॅलरीत किंवा गावाकडे घरामागच्या दोन वाफ्यांत जे लोक मेथी, माठ, वांगी, दोडका लावतात ना, त्यांच्यासाठी. शेतीची इतकी ॲप्स आहेत मग हे अजून एक कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण उत्तर नीट द्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे या विषयाचा पाया घातलाय एका गणिताच्या प्राध्यापकाने. श्रीपाद अच्युत दाभोळकर, कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठात शिकवायचे. १९६० च्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि त्यामागचा विचार आजही मला थक्क करतो, कारण तो अगदी साधा आहे. प्रत्येकाने आपल्याच रानात प्रयोग करायचा, काय दिसलं ते नोंदवायचं आणि दुसऱ्या प्रयोग करणाऱ्याला सांगायचं, बस्स. मोठ्या पदवीची गरज नाही, वरून येणाऱ्या सल्ल्याची वाट बघायची नाही. द्राक्ष बागायतदारांमध्ये तर ही पद्धत इतकी रुजली की महाराष्ट्रातल्या द्राक्षशेतीचा विषय निघाला की दाभोळकर सरांचं नाव निघतंच. आणि सर फक्त बागायतदारांपुरते थांबले नाहीत. पानावर पडणारं ऊन, पानाचं क्षेत्रफळ, मुळांचा पसारा असं सगळं हिशोबात मांडून त्यांनी दाखवलं की दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब चांगलं जगू शकतं. पालापाचोळा कुजवून तयार केलेली 'अमृत माती' हा त्याच कामाचा भाग. पुढे दीपक सचदे यांनी मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या बजवाड्याला हे काम नेलं.

शहरात हा विचार पोचला तो मुंबईत. डॉ. आर. टी. दोशी मूळचे अर्थशास्त्राचे, त्यांनी गच्चीवर उसाची चिपाडं आणि घरातला ओला कचरा वापरून भाजी-फळं पिकवून दाखवली, तीसुद्धा अगदी कमी मातीत, म्हणजे स्लॅबवर वजनही फार येत नाही. दोशींची पद्धत आणि दाभोळकरांची अमृत माती, दोन्ही शिकून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर बाग केली, कँटीनमधला ओला कचरा तिथेच जिरायला लागला. नंतर त्यांनीच अर्बन लीव्ज नावाने इतर लोकांना शिकवायला सुरुवात केली. आज पुण्या-मुंबईत गच्चीवरची बाग म्हटलं की जे ड्रम, विटांचे वाफे आणि पालापाचोळ्याची पोती दिसतात त्यातलं बरंचसं याच लोकांच्या कामातून आलेलं आहे.

आता तंत्रज्ञानाचा रस्ता बघा, तो पूर्ण वेगळाच गेला. २००४ मध्ये किसान कॉल सेंटर आलं, १५५१ नंबर. २००७ मध्ये पुण्यातून रॉयटर्स मार्केट लाइट सुरू झालं, साध्या फोनवर एसएमएसने बाजारभाव आणि हवामान. २०१३ ला केंद्र सरकारचं एमकिसान, शेतकऱ्यांना मोबाईलवर सल्ल्याचे मेसेज पाठवणारं, आणि मग जर्मनीत बनलेलं प्लँटिक्स, ज्यात पानाचा फोटो काढला की रोग कोणता ते कळतं आणि तेही मराठीत. हे सगळं चांगलंच काम आहे, शेतकऱ्याला त्याचा उपयोग झालाय यात शंका नाही. पण ते बनलंय विकण्यासाठी पिकवणाऱ्यासाठी. तिथे हिशोब एकरात, खत गोणीत, भाव क्विंटलला. कुंडीतल्या एका मिरचीवर मावा पडलाय आणि उद्या तीच मिरची भाजीत घालायची आहे, अशा ताईंना फवारणीच्या औषधाचं नाव सांगून काय उपयोग? त्यांना राखेचं पाणी, निंबोळी अर्क, किंवा सरळ शेंडा खुडून टाका हे सांगणारं कुणीतरी पाहिजे असतं.

घरगुती बागेची ॲप्स आहेत की, पण त्यातली बरीचशी थंड देशांतली. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६० मध्ये एक नकाशा काढला, हिवाळ्यातलं सगळ्यात कमी तापमान सरासरी किती असतं त्यावरून झोन पाडलेले, कुठलं झाड कुठे तगेल ते कळावं म्हणून. तिकडच्या बऱ्याच ॲपचं सगळं गणित या झोनवर आणि वसंतात शेवटचं हिमतुषार कधी पडतं या तारखेवर चालतं. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. आपल्याकडे निफाड-महाबळेश्वरसारख्या जागा सोडल्या तर थंडीने रोप मरत नाही, आपलं सगळं पावसावर. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सोलापूरला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि ॲप मात्र दोघांना एकच झोन आणि एकच तारीख दाखवणार! कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, हे त्या ॲपच्या डोक्यात कुठून येणार. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातून ग्रोस्टफ नावाचा ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, प्रकल्प सुरू झाला, तिथे लोक स्वतः काय कधी लावलं, कधी काढलं ते नोंदवतात आणि सगळ्यांच्या नोंदींतून माहिती तयार होते. ते पाहिल्यावर मला तरी लगेच प्रयोग परिवारच आठवला.

आपल्या घरांमध्ये कॅलेंडर आधीपासून आहेच, नक्षत्रांचं. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागलं की दोडका, कारली, भोपळ्याच्या बिया आळ्यात टोचायच्या हे आजीला कुणी शिकवावं लागलं नाही. फक्त आता मृग कधीकधी पूर्ण कोरडा जातो, म्हणून नुसती तारीख पुरत नाही, आपल्या तालुक्यात बाकीच्यांनी काय केलं आणि त्यांचं काय उगवलं हे त्याच आठवड्यात कळायला पाहिजे.

बियाण्याचा मुद्दा तर सगळ्यात जिव्हाळ्याचा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या आणि बाकी भाज्यांच्या कितीतरी गावरान जाती जपल्या, २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, एकमेकांना द्यायचा हक्क दिलाय, संरक्षित वाणाचं बी ब्रँड लावून विकणं तेवढं चालत नाही. म्हणून बियाण्याची देवाणघेवाण आम्ही ॲपमध्ये पहिल्यापासून ठेवतोय, पैशाशिवाय, आणि बी कुठल्या गावातून आलं ही नोंद सोबत.

पहिल्या व्हर्जनमध्ये फार काही नसेल. तालुका, ऊन किती तास येतं, पाणी कुठलं, एवढंच विचारणार, मग त्या भागातल्या लोकांच्या नोंदी दिसणार, तारखेशेजारी नक्षत्र. नेट नसताना पण नोंद करता आली पाहिजे. आणि लोकांनी लिहिलेल्या नोंदी कुणालाही उतरवून घेता येतील अशाच ठेवायच्या हे आम्ही आधीच ठरवलंय, कारण उद्या आम्ही थांबलो तरी त्या नोंदी ज्यांनी केल्या त्यांच्याकडे राहायला हव्यात.