निळ्या माळांचा ‘शांतपणा’ आणि डोळ्यातील तिसरी पेशी

सणांच्या सुट्ट्या जवळ आल्या की घराच्या सजावटीविषयीच्या सल्ल्यांमध्ये एक विधान हमखास आढळते : निळा रंग मन शांत करतो, म्हणून या दिवसांतील ताण कमी करायचा असेल तर निळ्या किंवा शुभ्र दिव्यांच्या माळा लावाव्यात. पडद्यांच्या किंवा भिंतींच्या रंगापुरते हे मत आवडीनिवडीचा भाग म्हणून सोडून देता येईल. दिव्यांच्या बाबतीत मात्र ते उलटे आहे, कारण रात्रीच्या वेळी शरीराला सर्वाधिक जागे ठेवणारा प्रकाश निळाच असतो.

दृष्टिपटलावर दंडपेशी आणि शंकूपेशी असतात, एवढे आपण शाळेत शिकतो, आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी या दोनच, असे शास्त्रज्ञही शतकाहून अधिक काळ मानत होते. या समजाला तडा देणारे एक निरीक्षण 1995 साली प्रसिद्ध झाले. काहीही दिसत नसलेल्या काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर रात्री प्रखर प्रकाश टाकला असता त्यांच्या रक्तातील मेलाटोनिनचे, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचे कळवणाऱ्या संप्रेरकाचे, प्रमाण घटत होते. दृष्टी गेली असली तरी डोळ्यातील कोणती तरी पेशी प्रकाशाची दखल घेत होती. 1998 मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतील रंगपेशींमध्ये मेलानॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन सापडले, आणि 2002 मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने उंदरांच्या दृष्टिपटलातील काही गँग्लिअन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी) स्वतःच प्रकाश ओळखतात, हे दाखवून दिले. दंडपेशी आणि शंकूपेशींकडून येणारे संदेश रसायनांनी रोखल्यानंतरही या पेशी प्रकाश पडताच संदेश पाठवू लागत.

या पेशींचे वागणे विलक्षण आहे. त्या सावकाश जाग्या होतात, प्रकाश असेपर्यंत संदेश पाठवत राहतात आणि दिवा विझल्यावरही काही काळ थांबत नाहीत. त्यांना चित्र घडवायचे नसते, भोवती उजेड किती आहे एवढेच मोजायचे असते. या पेशींतील मेलानॉप्सिनची संवेदनशीलता सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे निळ्या प्रकाशाला, सर्वाधिक असते. या पेशींचे संदेश मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमधील सुमारे 20,000 चेतापेशींच्या सुप्राकायाझमॅटिक केंद्रकात पोहोचतात. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. तेथून निघणारी वाट बरीच वळसा घेते : हायपोथॅलॅमसचेच दुसरे केंद्रक, मग मज्जारज्जू, तेथून मानेतील चेतागुच्छ आणि अखेरीस पुन्हा वर मेंदूतील पीनिअल ग्रंथी. दिवसा घड्याळ ही वाट दाबून धरते. रात्री हा दाब उठतो, पीनिअल ग्रंथीपाशी नॉरॲड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन पाझरू लागते, त्यामुळे एक विशिष्ट विकर सक्रिय होते आणि मेलाटोनिन तयार होऊ लागते. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ही वाढ सुरू होते. नेमक्या त्याच वेळी डोळ्यांवर निळा प्रकाश पडला, तर दाब पुन्हा बसतो आणि मेलाटोनिन घटते.

पांढऱ्या एलईडीचा येथे थेट संबंध येतो. तिच्या आतील चकती मुळात सुमारे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते, आणि वरच्या फॉस्फरच्या थरामुळे त्यातील काही भाग पिवळसर प्रकाशात बदलून दोन्ही मिळून पांढरा रंग दिसतो. 6500 केल्विनच्या ‘कूल व्हाइट’ दिव्यात निळ्याचा वाटा मोठा असतो, तर 2700 केल्विनच्या ‘वॉर्म व्हाइट’मध्ये तो बराच कमी असतो.

ताणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. झोप लांबली आणि तुटली की दुसऱ्या संध्याकाळी कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक जेवढे उतरायला हवे तेवढे उतरत नाही. भीती आणि चीड यांच्याशी निगडित असलेला मेंदूचा भाग, अमिग्डाला, अधिक जोराने प्रतिसाद देतो आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागील भागाशी असलेला त्याचा दुवा सैल पडतो. पाहुण्यांची गर्दी, खर्च आणि अपुरी राहिलेली कामे तीच असतात, पण मेंदूला ती अधिक जड वाटतात.

याच काळात ‘ताणमुक्तीसाठी’ खपवल्या जाणाऱ्या मिठाच्या दिव्यांविषयी स्पष्ट बोलायला हवे. मीठ तापून हवेत ऋण आयन (ऋण विद्युतभार असलेले कण) सोडते, हा दावा निराधार आहे. मीठ वितळायलाच 801 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि आतील लहान दिवा त्याला जेमतेम कोमट करतो. त्या दिव्याचा नारिंगी, मंद उजेड रात्रीसाठी चांगला असतो, पण त्यात मिठाचे काहीही कर्तृत्व नाही.

माळ कोणत्या रंगाची आहे, याइतकेच डोळ्यांपर्यंत किती प्रकाश पोहोचतो यालाही महत्त्व आहे. मोजक्या मंद दिव्यांची माळ फारसे नुकसान करत नाही. नुकसान होते ते छतावरचे सगळे दिवे, झगमगते झोत आणि त्यांवर पुन्हा माळा अशा एकत्रित उजेडामुळे. झोपेपूर्वीच्या तीन तासांत मेलानॉप्सिनच्या मापाने, म्हणजे त्याच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेला, डोळ्यांशी 10 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश नसावा, अशी शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने 2022 मध्ये केली आहे. म्हणून सजावट साधी ठेवताना माळांच्या संख्येआधी छतावरचे दिवे कमी करावेत, माळा ‘वॉर्म व्हाइट’ निवडाव्यात, त्या नजरेच्या पातळीखाली लावाव्यात आणि ठरावीक वेळी बंद करणारा टायमर जोडावा.

या प्रकाशाबाबतची संवेदनशीलता माणसागणिक 50 पटींहून अधिक बदलू शकते. त्यामुळे त्याच खोलीत एकाला सहज झोप लागते आणि दुसरा तळमळत राहतो, आणि त्या दुसऱ्याची तक्रार नाजूकपणा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे आहे. दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या व्यक्तीवर संध्याकाळच्या प्रकाशाचा परिणाम तुलनेने कमी होतो, त्यामुळे माळा सोडवणे आणि बांधणे ही कामे रात्रीसाठी राखून न ठेवता सकाळी अंगणात किंवा खिडकीपाशी उरकलेली बरी.