वांद्र्यातली भिंतचित्रं आणि रंगवलेल्या पेट्या

वांद्रे पश्चिम हे मुंबईचं उपनगर, आणि इथली स्ट्रीट आर्ट बघायची तर हिल रोडवरून चॅपल रोडला वळायचं आणि रणवारपर्यंत चालत जायचं, गाडी नको, गल्ल्या अरुंद आहेत. रणवार म्हणजे वांद्र्याच्या जुन्या गावठाणांपैकी एक, ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची वस्ती, ज्यांची घरची बोली मराठीचीच एक तऱ्हा आहे. बैठी कौलारू घरं, लाकडी जिने आणि थेट रस्त्याला लागून असलेल्या भिंती. चित्रं इथे रुजली ती या भिंतींमुळेच, मधे कंपाउंड नाही, घरमालक हो म्हणाला की काम सुरू. परवानगी मात्र लागतेच, मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे.

द वॉल प्रोजेक्ट नावाच्या ग्रुपने आधी वांद्र्याच्या भिंती रंगवल्या, मग २००९ मध्ये तुळशी पाइप रोडची रेल्वेलगतची लांबच लांब भिंत पालिकेच्या संमतीने शेकडो लोकांनी रंगवली, त्यात हौशीच जास्त होते. २०१२ मध्ये रंजित दहिया यांनी बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट सुरू केला. हे हरियाणाचे, आधी घरांना रंग मारायचं काम केलेले, नंतर रीतसर कला शिकलेले. फ्लेक्स आल्यावर हाताने रंगवलेली सिनेमाची पोस्टरं रस्त्यावरून गेलीच होती, ती यांनी भिंतींवर परत आणली, चॅपल रोडवरची अनारकली त्यातलीच. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या एमटीएनएल या टेलिफोन कंपनीच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आले. ज्या शहरात १९१३ साली राजा हरिश्चंद्र लागला तिथे फाळक्यांचं एवढं मोठं चित्र असणं मला फार मोलाचं वाटतं.

पाऊस हा या चित्रांचा मोठा शत्रू, ओल धरली की पोपडे येतात, म्हणून कामं शक्यतो पावसाळा संपल्यावर काढतात. दुसरा रिडेव्हलपमेंट, आणि हा जास्त वाईट, कारण पोपडे आले तर परत रंगवता येतं पण घर पडलं की चित्र गेलं आणि जागी जो टॉवर येतो त्याला खाली पार्किंग आणि पुढे गेट, रस्त्याला भिंतच उरत नाही.

फुटपाथवरच्या विजेच्या आणि टेलिफोनच्या पेट्या मात्र टॉवर आला तरी शक्यतो राहतात. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनची पालिका १९९९ पासून सिग्नलच्या पेट्या रहिवाशांना रंगवायला देतेय. मुंबईतही अशा पेट्या अधूनमधून दिसतात, पण बऱ्याचशा ट्यूशन आणि पेस्ट कंट्रोलच्या कागदांनी भरलेल्या असतात. चित्र असलं की कागद चिकटवायला लोक जरा कचरतात. आत चालू लाइन असते, त्यामुळे ज्या कंपनीची पेटी तिची परवानगी हवी, हवेची जाळी बुजवायची नाही आणि पेटीचा नंबर, धोक्याची खूण रंगाखाली जाऊ द्यायची नाही, दुरुस्तीला आलेला माणूस तेच शोधतो.