मृत्यूनंतर रक्तातला मद्यार्क किती खरे सांगतो?

३० मे १९७५ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील यूजीन शहरात स्कायलाइन बुलेव्हार्ड या डोंगरी रस्त्यावर एक उघड्या टपाची एमजी मोटार कातळावर आदळून उलटली आणि तिच्याखाली सापडून स्टीव्ह प्रीफाँटेन हा २४ वर्षांचा धावपटू मरण पावला. २,००० मीटरपासून १०,००० मीटरपर्यंतचे अमेरिकेचे विक्रम त्याच्या नावावर होते, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो ५,००० मीटर शर्यतीत चौथा आला होता आणि अपघाताच्या काही तास आधीच त्याने यूजीनच्या हेवर्ड फील्डवर याच अंतराची शर्यत जिंकली होती. शर्यतीनंतर मेजवानी झाली, सहधावपटू फ्रँक शॉर्टर याला त्याने मुक्कामी सोडले आणि परतीच्या वाटेवर हे घडले. पोलिसांनी पुढे जाहीर केले की त्याच्या रक्तातील मद्यार्काचे प्रमाण ०.१६ टक्के होते.

या एका आकड्याने दोन तट पाडले, ते आजही कायम आहेत. काहींच्या लेखी तेवढ्यावर प्रकरण मिटले, तर त्याच्या जवळच्या काही माणसांना आणि असंख्य चाहत्यांना तो आकडा कधीच पटला नाही. रक्ताचा नमुना वैद्यकीय तपासाधिकाऱ्याने घेतला नव्हता, अंत्यसंस्काराची तयारी करणाऱ्याने घेतला होता, त्यामुळे तो विश्वासार्ह नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. मला हा आक्षेप भावनेच्या भरात केलेला वाटत नाही. मात्र त्यात अनेक मुद्दे एकत्र मिसळले गेले आहेत आणि त्या सर्वांचे वजन सारखे नाही.

आधी आकड्याचा अर्थ पाहू. ०.१६ टक्के म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १६० मिलिग्रॅम मद्यार्क. आज अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनचालकासाठी ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर भारतात ३० मिलिग्रॅमची. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार साधारण ७० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात एवढे प्रमाण दिसायचे असेल, तर त्या क्षणी त्याच्या शरीरात सुमारे ७५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असावा लागतो. ३५५ मिलिलिटरच्या साध्या बिअरच्या बाटलीत सुमारे १४ ग्रॅम असतो, म्हणजे हे पाच-साडेपाच बाटल्यांइतके झाले आणि पिण्याच्या काळात यकृताने जो मद्यार्क निपटला असेल तो वेगळा. जिवंत माणसाचे यकृत रक्तातील प्रमाण तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने खाली आणते. मृत्यूबरोबर हे काम थांबते. अपघातातून वाचलेल्या चालकाचे रक्त तीन तासांनी घेतले, तर मूळ प्रमाणाचा उलटा हिशेब मांडावा लागतो. मृत चालकाच्या बाबतीत तो मांडावा लागत नाही.

मग शंका कुठे उरते? पहिली शंका जंतूंची. मृत्यूनंतर आतड्यातील जिवाणू आणि यीस्ट रक्तात व ऊतींत पसरतात आणि तिथल्या साखरेचे किण्वन करून मद्यार्क तयार करतात. ज्याने आयुष्यात दारूचा थेंबही घेतला नाही अशा माणसाच्या कुजू लागलेल्या मृतदेहात यामुळे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम, क्वचित त्याहून अधिक मद्यार्क सापडू शकतो. परंतु त्यासाठी ऊब लागते आणि वेळही लागतो. यूजीनमध्ये मे अखेरच्या रात्रीही थंड असतात. अशा हवेत काही तासांच्या आत काढलेल्या रक्तात १६० मिलिग्रॅम केवळ जंतूंमुळे आले, असे म्हणता येणार नाही.

दुसरी शंका कितीतरी गंभीर आहे, ती म्हणजे रक्त शरीराच्या कोणत्या भागातून काढले. जठरात न शोषलेली दारू शिल्लक असेल, तर मृत्यूनंतर ती जठराची भिंत ओलांडून शेजारच्या भागांत झिरपत राहते, आणि हृदय जठराला अगदी लागून आहे. छातीला आणि पोटाला जबर मार बसून जठर किंवा श्वासपटल (छाती व पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा) फाटले असेल, तर छातीच्या पोकळीतून काढलेल्या रक्तातला आकडा खऱ्यापेक्षा पुष्कळ मोठा येऊ शकतो. प्रीफाँटेनचा मृत्यू मोटारीचा भार छातीवर पडून झाला, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

तिसरी शंका नमुना घेणाऱ्याच्या जागेची. अमेरिकेत अंत्यसंस्कारापूर्वी मृतदेह टिकवण्यासाठी रक्तवाहिन्यांत रसायने भरण्याची पद्धत आहे आणि त्या द्रावणांत फॉर्मल्डिहाइडबरोबर मिथेनॉल, कधी इथेनॉलही, म्हणजे दारूतला मद्यार्कच, असते. ते भरल्यानंतर घेतलेल्या रक्तातून जिवंतपणीचे प्रमाण काढणे जवळजवळ अशक्य होते.

या तिन्ही शंकांना उत्तर देणारी पद्धत आज न्यायवैद्यकशास्त्रात रुळली आहे. शवविच्छेदन करणारा डॉक्टर रक्त हृदयातून न घेता मांडीच्या मोठ्या शिरेतून घेतो. जठरापासून दूर असलेली ही शीर पोटाच्या बाजूने आधी बांधून टाकली जाते, म्हणजे वरचे रक्त खाली ओढले जात नाही. त्वचा पुसायला स्पिरिट वापरायचे नाही, हा साधा नियमही इथे फार महत्त्वाचा. रक्त राखाडी बुचाच्या नळीत भरतात. तिच्यातले सोडियम फ्लोराइड जंतूंचे किण्वन थांबवते आणि पोटॅशियम ऑक्झलेट रक्ताला गोठू देत नाही. नळी शीतपेटीत जाते. प्रयोगशाळेत बंद कुपीतले रक्त कोमट करून त्याच्यावर साठलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रात सोडतात, तेव्हा मिथेनॉल, इथेनॉल आणि ॲसिटोन आपापल्या ठरलेल्या वेळी वेगवेगळे बाहेर पडतात.

याखेरीज डोळ्याच्या गोलकातला पारदर्शक, जेलीसारखा द्रव घेतला जातो. तो पोटापासून दूर आणि बंदिस्त असल्यामुळे जंतू तिथे उशिरा पोहोचतात, आणि त्यात पाणी जास्त असल्याने मद्यार्काचे प्रमाण रक्तापेक्षा थोडे वरचढ, साधारण १.२ पट असते. शोषण पूर्ण झालेल्या माणसाच्या रक्तात १६० असेल, तर डोळ्यात १९० च्या आसपास सापडायला हवे. डोळ्यातले प्रमाण रक्तापेक्षा बरेच कमी निघाले, तर मृत्यूच्या वेळी दारू अजून रक्तात चढत होती, नाहीतर रक्ताचा नमुना दूषित आहे. अलीकडे इथाइल ग्लुक्युरोनाइड या पदार्थाचाही शोध घेतात. मद्यार्कापासून तो मुख्यतः यकृत तयार करते, किण्वन करणारे जंतू तयार करत नाहीत; म्हणून तो सापडला तर माणूस खरोखर प्यायला होता हे ठरते.

एवढे करूनही नमुना कुणाकुणाच्या हातांतून गेला याची नोंद नसेल, तर सगळे व्यर्थ जाते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर भागात झालेल्या पोर्शे अपघातानंतर चालकाच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, तेव्हा महाराष्ट्राने ही गोष्ट जवळून पाहिली.

आता आकडा बिनचूक आहे असे धरू. तरीही तो अपघाताचे कारण नसतो. अमेरिकेत व्हर्जिनिया बीच येथे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात, मद्य न घेतलेल्या चालकाच्या तुलनेत ०.०८ टक्क्यांवर अपघाताचा धोका सुमारे चौपट, तर ०.१५ टक्क्यांवर सुमारे बारापट आढळला. ही वाढ भयंकर आहे. पण ती हजारो चालकांच्या समूहाबद्दल बोलते, एका रात्रीच्या एका वळणाबद्दल नाही. उलट बाजूने, ‘तो झिंगलेला दिसत नव्हता’ या मित्रांच्या साक्षीनेही आकडा खोटा ठरत नाही. पिण्याची सवय असलेला माणूस १६० वरही नीट बोलू-चालू शकतो, मात्र अंधारात अचानक पुढे आलेल्या अडथळ्याला प्रतिसाद द्यायला त्याला उशीरच होतो.

बेसबॉलपटू जॉश हँकॉक याचे प्रकरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. सेंट लुइस कार्डिनल्सचा हा २९ वर्षांचा गोलंदाज २९ एप्रिल २००७ रोजी महामार्गावर उभ्या असलेल्या, गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकवर मागून आदळून मरण पावला. तो प्यायला असावा, अशी कुजबूज पहिल्या दिवसापासून होती आणि काही दिवसांनी पोलिसांनी ०.१५७ टक्के हे प्रमाण जाहीर केले, म्हणजे तर्क खरा निघाला. पण त्याच अहवालातून हेही बाहेर आले की ताशी ५५ मैलांच्या मर्यादेत तो ६८ मैलांनी जात होता, फोनवर बोलत होता आणि त्याने सीटबेल्ट लावलेला नव्हता. सीटबेल्टचा धडकेशी संबंध नव्हता, जीव वाचण्या-न वाचण्याशी होता. कुजबुजीत यातले काहीच नव्हते.

प्रीफाँटेनच्या बाबतीत समोरून दुसरी गाडी आली होती का, हा प्रश्नही तेव्हापासून विचारला जातो. त्या गाडीचा शोध आणि रक्तातला आकडा यांतले एक खरे मानले तर दुसरे खोटे पडते, अशा थाटात वाद घातला जातो आणि तो मला चुकीचा वाटतो. १६० मिलिग्रॅम मद्यार्क रक्तात असलेल्या चालकासमोर गाडी येऊ शकते, आणि ती आली तर तिला चुकवण्यासाठी त्याच्या हाती उरलेला वेळ शुद्धीतल्या चालकापेक्षा कमी असतो.