किडनीच्या गाठीचा रिपोर्ट डब्यापासून सुरू होतो

मे महिन्यातली गोष्ट. अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी काकांची किडनी जळगावात आमच्या लॅबमध्ये तपासायला आली. ऑपरेशन आदल्या दुपारी झालेलं. डबा जेमतेम किडनी मावेल एवढा, फॉर्मालिन (काढलेला अवयव खराब होऊ नये म्हणून ज्यात बुडवतात ते द्रव) नावापुरतं आणि बाहेर पारा ४५ अंशांना टेकलेला. किडनी उभी चिरली तर कडेचा भाग राखाडी, घट्ट. आतली गाठ मात्र लालसर, दाबली तर लगदा व्हावा अशी. दारात काकांचा मुलगा उभा होता. "मॅडम, कॅन्सर शे का नही, इतलंच सांगा."

तेवढं मी सांगू शकले. ग्रेड, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक आहे त्याची पायरी, मात्र खात्रीने देता आली नाही, आणि ते मला अजून सलतं.

फॉर्मालिन मांसात ताशी साधारण १ मिलिमीटर मुरतं. गाठीसकट किडनी ७-८ सेंटिमीटर जाड असेल, तर मधोमध पोचायला दीड दिवस सहज लागतो. तोवर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आतल्या पेशी खराब होऊ लागतात. आणि नेमकी ग्रेड ठरते ती पेशीतल्या एका बारीक ठिपक्यावरून! केंद्रकाच्या आत जो ठिपका असतो, ती केंद्रिका. ती ४०० पट मोठं करूनही नीट दिसत नसेल तर ग्रेड १, ४०० पटीला स्पष्ट दिसली तर २, १०० पटीलाच डोळ्यात भरली तर ३. पेशी अगदीच वेड्यावाकड्या, राक्षसी झाल्या असतील तर ४. ही पद्धत २०१२ साली व्हँकुव्हरच्या परिषदेत ठरली. त्याआधी १९८२ पासून फुरमन ग्रेड चालायची. पेशीच विरघळलेली असेल, तर ठिपका शोधायचा कुठे?

रिपोर्ट चुकण्याची दुसरी जागा किडनीच्या खाचेतली. रक्तवाहिन्या जिथून आत-बाहेर जातात, तिथली चरबी म्हणजे रीनल सायनस. किडनीच्या बाहेरून असतं तसं आवरण तिथे नाही, त्यामुळे गाठ तिथून गुपचूप पसरते. ५ सेंटिमीटरची गाठ किडनीतच असेल तर टप्पा (कॅन्सर किती वाढलाय, पसरलाय त्याचं माप) टी-१-बी. सायनसच्या चरबीत शिरली असेल तर तीच थेट टी-३-ए. तिथले तुकडे घेतलेच नाहीत, तर रिपोर्ट दिसायला स्वच्छ, पण चुकीचा.

हा फरक कागदावर राहत नाही. ऑपरेशननंतर कॅन्सर परतू नये म्हणून पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीला (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरविरुद्ध जागवणाऱ्या औषधाला) २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती कोणाला द्यायची, याचा विचार याच टप्प्यावरून आणि ग्रेडवरून होतो. औषध महाग, इथल्या घरात त्यासाठी शेत गहाण पडू शकतं. म्हणून 'किडनीचा कार्सिनोमा' एवढ्या दोन शब्दांचा रिपोर्ट पाहिला की मला राग येतो.

उपाय साधा आहे: ठरलेल्या रकान्यांचा रिपोर्ट. गाठीचा प्रकार, माप, ग्रेड, गाठीत मेलेला भाग आहे का, सार्कोमॅटॉइड बदल (पेशी लांबट आणि जास्त आक्रमक होणं), सायनस, रीनल व्हेन (किडनीतून रक्त बाहेर नेणारी शीर), कापलेल्या कडेला कॅन्सर आहे का. 'नाही' असेल तर 'नाही' लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. इंटरनॅशनल कोलॅबोरेशन ऑन कॅन्सर रिपोर्टिंगचा असा तक्ता मोफत मिळतो. धुळे असो की नंदुरबार, छोट्या लॅबलाही तो वापरता येतो.

आणि डबा. आम्ही आता सर्जनना झाकणाच्या मोठ्या बादल्या पाठवतो, किडनीच्या किमान १० पट फॉर्मालिन मावेल अशा. किडनी तासाभरात लॅबला पोचणार नसेल, तर आधी फोन करा, कुठून आणि कशी चिरायची ते सांगतो. चिरलेल्या किडनीत फॉर्मालिन दोन्ही बाजूंनी शिरतं.

घरच्यांनी रिपोर्टसोबत मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइडही जपून ठेवाव्यात. पुढे मुंबईला टाटामध्ये दाखवायची वेळ आली, तर तिथे पहिल्यांदा तेच मागतात.