आधी फॉस्फेट तोडलं, मग परत जोडलं

आमच्या चाळीत लग्नाच्या वरातीला गॅसबत्त्या यायच्या आणि बत्तीवाला आम्हा पोरांना मेंटलला (बत्तीतल्या उजेड देणाऱ्या जाळीला) हात लावू द्यायचा नाही, कारण एकदा पेटवलेलं मेंटल म्हणजे नुसती राख, बोट लागलं की भुगा. त्या राखेत 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि जेमतेम 1 टक्का सेरियम ऑक्साइड, हे प्रमाण ऑस्ट्रियाच्या वेल्सबाखने 1891 च्या सुमारास जमवलं. माल यायचा मोनाझाइट वाळूतून, जी 1909 मध्ये शोमबर्ग या जर्मन केमिस्टला त्रावणकोरच्या किनाऱ्यावर सापडली.

आता गंमत बघा, मोनाझाइट म्हणजे मुळात रेअर अर्थचं (लँथॅनम, सेरियम अशा धातूंचं) फॉस्फेटच, पण तेव्हा फॉस्फेट कुणाला हवं होतं! 1950 ला इंडियन रेअर अर्थ्स निघाली (ऑफिस आपल्या प्रभादेवीला), तिच्या केरळातल्या आलुवाच्या कारखान्यात वाळू कॉस्टिक सोड्यात शिजवून फॉस्फेट बाजूला काढायचे आणि थोरियमचा भाग ट्रॉम्बेला यायचा, तिथे 1955 पासून त्याचं थोरियम नायट्रेट बनायचं, मेंटलवाल्यांसाठी.

मग ट्यूबलाइट आणि सीएफएलच्या जमान्यात तेच फॉस्फेट लोक मुद्दाम बनवायला लागले. लँथॅनम फॉस्फेटमध्ये थोडं सेरियम, थोडं टर्बियम. पाऱ्याच्या वाफेतून येणारे 254 नॅनोमीटरचे यूव्ही किरण सेरियम गिळतं, एनर्जी शेजारच्या टर्बियमला देतं आणि ते 545 नॅनोमीटरच्या आसपास हिरवं चमकतं. टर्बियम एकटं असेल तर यूव्ही फारसं घेतच नाही, म्हणून हा दलाल लागतो.

नॅनोचं, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं, प्रकरण नंतरचं. 1999 मध्ये मार्कुस हाझे हे केमिस्ट आणि त्यांच्या जर्मनीतल्या ग्रुपने हे असलं फॉस्फेट पाण्यातच, बंद ऑटोक्लेव्हमध्ये (प्रेशर कुकरसारख्या भांड्यात) तापवून, बारीक कण आणि तंतूंच्या रूपात काढलं. तंतूंसारख्या काड्या होतात कारण षटकोनी जातीचा स्फटिक एकाच दिशेने भराभर वाढतो, वेगळा साचा लागत नाही. खरी डोकेदुखी सेरियमची, ते ऑक्सिडाइज होऊन त्याचा विद्युतभार +3 वरून +4 वर गेला की उजेड गिळून बसतं. 2003 मध्ये याच ग्रुपने सेरियम-टर्बियम फॉस्फेटच्या कणांवर लँथॅनम फॉस्फेटचं कवच चढवलं आणि क्वांटम यील्ड (गिळलेल्या प्रकाशकणांपैकी किती उजेड म्हणून परत येतात ते प्रमाण) 70 टक्क्यांपर्यंत नेली.

लॅबमध्ये हे कण मिसळलेलं पाणी बाटलीत बघितलं तर ताकाच्या निवळीसारखं पाणी, बाकी काही नाही. खोलीतला दिवा बंद करून यूव्ही लावला की तीच बाटली कच्च्या कैरीच्या सालीसारखी हिरवी होते आणि हाताला मात्र गारच लागते.