स्वयमवर साहित्य-लेखनाचा कोर्स: नावनोंदणीपासून गुणपत्रिकेवर क्रेडिट चढेपर्यंत

मागच्या एका सत्राच्या शेवटी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी मोबाइल पुढे धरून माझ्या टेबलाशी उभी राहिली. बारा आठवडे तिनं इंग्रजी साहित्याचा कोर्स मन लावून केला होता. सगळ्या असाइनमेंट वेळेत आणि गुणही उत्तम. "सर, सर्टिफिकेट कधी येतं हो?" परीक्षेचा फॉर्म भरला होतास का, असं विचारलं आणि तिचा चेहरा पडला. 'जॉइन'चं बटण दाबलं म्हणजे सगळं झालं, असं ती धरून चालली होती. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची फी वेगळी आणि मुदतही वेगळी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुदत कधीच उलटून गेली होती.

ती मुलगी हुशार होती, कष्टाळू होती, आणि तिचं सत्र वाया गेलं. तसं दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ. ९ जुलै २०१७ रोजी ते सुरू झालं. नववीपासून पदव्युत्तर पातळीपर्यंतचे कोर्स तिथे आहेत आणि शिकायला एक पैसाही लागत नाही. वयाची अट नाही, टक्केवारीची अट नाही. निवृत्त झालेले काका, बारावीनंतर शिक्षण सुटलेली गृहिणी, नोकरी करणारा मुलगा, कुणीही नाव नोंदवून शिकू शकतं. प्रत्येक कोर्सचे चार भाग असतात: व्हिडिओ व्याख्यानं, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासण्यासाठी चाचण्या आणि शंका विचारायची चर्चेची जागा. व्याख्यान सकाळी सहाला ऐका नाहीतर रात्री भांडी घासून झाल्यावर ऐका, तुमची सोय. असाइनमेंटची तारीख मात्र तुमच्या सोयीनं हलत नाही. क्रेडिट, म्हणजे पदवीच्या हिशेबात धरले जाणारे अभ्यासाचे श्रेयांक, हवं असेल तर 'आपल्या वेळेनुसार शिका' याचा अर्थ एवढाच, की त्या त्या आठवड्यातला कुठलाही वेळ तुमचा.

नुसतं शिकायचं असेल आणि प्रमाणपत्र नको असेल, तर ही बंधनंही नाहीत. आधीच्या सत्रांची एनपीटेलची (हा आयआयटींचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम) व्याख्यानं यूट्यूबवर कायम उघडी आहेत. कविता वाचायला शिकायची हौस असलेल्यांनी खुशाल तिथून सुरुवात करावी.

कोणता कोर्स कुणाचा, हे आधी बघा

स्वयमवरचे कोर्स वेगवेगळ्या राष्ट्रीय समन्वयक संस्था चालवतात आणि प्रत्येकीचे नियम निराळे. आपल्या विषयासाठी मुख्यतः एनपीटेल, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग), सीईसी (पदवी पातळीचे कोर्स बघणारी संस्था) आणि इग्नू (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) यांचे कोर्स कामाचे. एनपीटेल म्हणजे आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांचा उपक्रम. तिथे इंजिनिअरिंगच असतं असा समज आहे, तो खरा नाही. आयआयटी मद्रासचा इंग्रजी भाषा आणि साहित्याच्या इतिहासाचा कोर्स आहे, त्याच संस्थेचा अनुवादित आधुनिक भारतीय साहित्यावरचाही आहे. आयआयटी रुरकीचा 'इफेक्टिव्ह रायटिंग' हा चार आठवड्यांचा छोटा कोर्स लेखनाची घडी बसवायला चांगला. यूजीसीच्या बाजूला गढवाल विद्यापीठाचा 'अकॅडेमिक रायटिंग' आहे. एम.ए. करणाऱ्यांनी आणि पीएच.डी.च्या उंबरठ्यावर असलेल्यांनी तो जरूर करावा. संदर्भ कसे द्यायचे, दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून का खपवायचं नाही, हे आपल्याकडे वर्गात फारसं शिकवलं जात नाही. प्रत्येक कोर्स प्रत्येक सत्रात येतोच असं नाही, म्हणून जानेवारी किंवा जुलैचं सत्र सुरू होण्याआधी यादी उघडून खात्री करा.

कोर्सच्या पानावर तीन गोष्टी वहीत टिपून ठेवा: किती आठवडे, किती क्रेडिट, परीक्षा कोणत्या तारखेला. एनपीटेलच्या हिशेबात ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ आणि १२ आठवड्यांना ३ क्रेडिट मिळतात. दोन कोर्स घेणार असाल तर दोन्ही परीक्षा एकाच दिवशी एकाच सत्रात येत नाहीत ना, ते आत्ताच बघा.

नाव नोंदवण्याआधी कॉलेजात जा

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. स्वयमचं प्रमाणपत्र कुणालाही मिळतं, पण ते क्रेडिट तुमच्या पदवीत धरायचं की नाही हे तुमचं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज ठरवतं. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात. २०१६ च्या विनियमांत ही मर्यादा २० टक्के होती. पण ४० टक्के ही वरची मर्यादा आहे. त्यातलं नेमकं काय मान्य करायचं, कोणत्या विषयाच्या जागी करायचं, हे संस्थेची विद्या परिषद ठरवते.

म्हणून कोर्सचं नाव, संस्था, आठवडे, क्रेडिट आणि कोर्सच्या पानाची छापील प्रत जोडून विभागप्रमुखांच्या मार्फत प्राचार्यांना साधा अर्ज करा. हा कोर्स माझ्या कोणत्या विषयाच्या जागी धरला जाईल, ओपन इलेक्टिव्हमध्ये (आपल्या आवडीनं निवडायच्या विषयात) की आणखी कशात, असं अर्जात स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखी घ्या. "होईल गं, कर तू" हे तोंडी उत्तर निकालाच्या वेळी कामाला येत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. बहुतेक कॉलेजांत स्वयमचे समन्वयक किंवा एनपीटेल लोकल चॅप्टरचे (कॉलेजातल्या एनपीटेल केंद्राचे) प्रमुख म्हणून एखादे प्राध्यापक नेमलेले असतात. पहिल्याच आठवड्यात त्यांना भेटा.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

शिकण्यासाठी एक ईमेल खातं पुरतं. ते तुमचं स्वतःचं असू द्या. भावाच्या, मावसबहिणीच्या किंवा कॅफेवाल्याच्या ईमेलवर खातं उघडू नका. परीक्षेचा फॉर्मही त्याच ईमेलवरून भरावा लागतो, आणि हॉलतिकिटापासून निकालापर्यंत सगळं तिथेच येतं.

क्रेडिटसाठी पुढची गरज अपार आयडीची. पूर्वी सगळे याला एबीसी आयडी म्हणायचे, अजूनही कॉलेजात तोच शब्द चालतो. हा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरमधून आधारच्या आधारे तयार होतो. मिळालेली क्रेडिट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये याच क्रमांकाखाली जमा होतात. आधारला मोबाइल नंबर जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही आणि गाडी तिथेच अडेल, म्हणून हे काम सत्राच्या आधीच उरकून घ्या.

आता नावाचं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुतेकदा स्वतःचं नाव आधी. काहींच्या आधारवर वडिलांचं नावच नसतं. लग्न झालेल्या मुलींचं कॉलेजात माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं. तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: आधार, कॉलेजचं ओळखपत्र, दहावीची गुणपत्रिका. स्पेलिंग अक्षरन् अक्षर जुळवून बघा. माझ्या एका विद्यार्थ्याचं नाव आधारवर एका 'ए'नं लिहिलेलं होतं आणि कॉलेजात दोन 'ए'नं. तेवढ्यावरून त्याचं क्रेडिट सहा आठवडे लटकलं. प्रमाणपत्रावर नाव फॉर्ममध्ये लिहाल तसंच छापलं जातं. फरक असेल तर आधी आधार किंवा कॉलेजची नोंद दुरुस्त करून घ्या, मगच फॉर्म भरा.

याशिवाय हवं ते थोडकंच: पांढऱ्या पार्श्वभूमीचा अलीकडचा फोटो, कागदावर काळ्या शाईत केलेली सही आणि सवलत घेणार असाल तर दाखला. फोटो आणि फाइल किती केबीची हवी ते सूचनापत्रात दिलेलं असतं. मोबाइलनं काढलेला सेल्फी लावू नका.

दाखल्याबद्दल एक गोष्ट महाराष्ट्रातल्या मुलांनी नीट समजून घ्यावी. परीक्षा केंद्रीय संस्था घेतात, त्यामुळे फॉर्ममधले प्रवर्ग केंद्राचे असतात. व्हीजेएनटी, एसबीसी हे आपल्या राज्याचे रकाने तिथे सापडणार नाहीत. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघा. असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालेल असं समजू नका. सेतू केंद्रात अर्ज करतानाच "केंद्राच्या नमुन्यातलं हवं" असं सांगा. हातात पडायला वेळ लागतो.

नोंदण्या दोन, फी एक

पहिली नोंदणी कोर्सची. स्वयमवर लॉगिन, कोर्सचं पान, 'जॉइन'. फुकट.

दुसरी नोंदणी परीक्षेची, आणि ती कोर्स सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी उघडते. इथेच मुलं चुकतात. एनपीटेलच्या परीक्षेची फी एका कोर्सला १००० रुपये. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी. यूजीसी, सीईसी वगैरेंच्या कोर्सची परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, तिचा फॉर्म वेगळ्या संकेतस्थळावर आणि वेगळ्या वेळी येतो. अलीकडच्या सत्रांत तिथे खुल्या प्रवर्गाला पहिल्या कोर्ससाठी ७५० आणि पुढच्या प्रत्येक कोर्ससाठी ६०० रुपये होते, राखीव प्रवर्गांना ५०० आणि ४००. भरण्याआधी त्या सत्राचं सूचनापत्र वाचा. फी भरली की पावती उतरवून घ्या, नुसता स्क्रीनशॉट ठेवू नका. पैसे खात्यातून गेले पण फॉर्म 'अपूर्ण' दाखवतोय, असं झालं तर ती पावतीच तुमच्या बाजूनं बोलते.

केंद्राचं शहर निवडताना घरापासूनचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, एसटीत मोजा. सकाळी नऊची परीक्षा असेल आणि गावातून पहिली गाडी साडेसहाला सुटत असेल, तर पोचाल का? नसाल पोचत, तर ज्या शहरात नातेवाईक आहेत ते शहर निवडा. दुपारचं सत्र निवडायची सोय असेल तर तेही बघा.

आठवडे कसे जातात

एनपीटेलच्या कोर्समध्ये दर आठवड्याला साधारण अर्ध्या अर्ध्या तासाची चार-पाच व्याख्यानं आणि एक असाइनमेंट. ती बहुतेक बुधवारी रात्री ११:५९ ला बंद होते. मी मुलांना सांगतो, तुमचा बुधवार म्हणजे मंगळवार. बुधवारी रात्री गावात लाइट जाणार किंवा नेट लटकणार, हे धरूनच चाला.

१२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्या कोर्समध्ये ६, आणि ४ आठवड्यांच्या कोर्समध्ये ३. एखाद्या आठवड्यात आजारी पडलात तर घाबरून कोर्स सोडू नका. अंतिम गुणांत असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेत, दोन्हीकडे वेगवेगळे. यूजीसी आणि सीईसीच्या कोर्सला हे वाटप ३०-७० असं असतं.

असाइनमेंटची उत्तरं यूट्यूबवर, टेलिग्रामवर फिरत असतात, हे मला माहीत आहे. त्यांच्याकडे वळू नका. परीक्षा केंद्रावर जाऊन, निरीक्षकांसमोर द्यायची असते आणि गुणांचा मोठा वाटा तिथेच आहे. शिवाय साहित्याचा कोर्स असा उरकला तर हाती काय उरतं? व्याख्यानात एखादी कविता आली की व्हिडिओ थांबवा. मूळ कविता शोधा, मोठ्यानं वाचा, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा, मग पुढे ऐका. माझी एक विद्यार्थिनी दर व्याख्यानानंतर वहीच्या उजव्या पानावर चार ओळी मराठीत लिहायची: काय कळलं, काय पटलं नाही. सत्र संपेपर्यंत तिची ती वही भरली आणि तिची इंग्रजीची भीतीही गेली. शिकवणारे इंग्रजीत बोलतात म्हणून तुम्ही मराठीत विचार करायचा नाही, असं थोडंच आहे?

परीक्षेला छापील हॉलतिकीट आणि मूळ ओळखपत्र न्या. मोबाइलमधला आधारचा फोटो चालेल, या भरवशावर राहू नका.

निकालानंतर

एनपीटेलचं प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, छापील येत नाही. ९० आणि त्याहून जास्त गुणांना 'एलिट'सह सुवर्ण, ७५ ते ८९ ला रौप्य, ६० ते ७४ ला नुसतं 'एलिट', ४० ते ५९ ला साधं. ते उतरवून घ्या, छापा, आणि सुरुवातीच्या मंजुरीची प्रत, गुणपत्रिका, अपार आयडी आणि विनंती अर्ज जोडून कॉलेजच्या परीक्षा विभागात द्या. पुन्हा आवक क्रमांक घ्या. मधल्या काळात डिजिलॉकरमध्ये जाऊन क्रेडिट जमा झालंय का ते पाहत राहा. झालं नसेल तर आधी समन्वयकांना भेटा आणि ईमेलवरून लेखी विचारणा करा. पुढच्या सत्राचा परीक्षा फॉर्म भरायच्या आधी हे तडीस न्या. एकदा विद्यापीठानं गुणपत्रिका छापली की दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीनं पुढच्या सत्रात तोच कोर्स पुन्हा घेतला. या वेळी परीक्षेचा फॉर्म उघडला त्याच दिवशी दुपारी ती पावती दाखवायला आली होती.